पत्ता : शाळेचं बॉयलरघर

दोन्ही मुख्याध्यापक एकत्र माझ्या बॉयलरघरात उतरले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एखादा पाइप फुटला तर मुनीरा बाई एकट्या यायच्या, वर्ग गारठले तर क्रेशो सर एकटे यायचे, आणि एकाच गोष्टीसाठी दोघांनी मला दोन वेगळ्या दिवशी झापायचं, अशी आमच्याकडची पद्धत. आज दोघं दाराशी अडले. ‘आधी तुम्ही’, ‘छे, आधी तुम्ही’ असं चाललं होतं. बाहेर उणे अकरा. शेवटी मीच म्हणालो, "कुणीही आधी या, पण दार लावून घ्या. वरच्या पोरांची ऊब बाहेर चाललीय."

आमच्या शाळेची इमारत एक आहे आणि शाळा दोन. बोस्नियातलं युद्ध संपून वीस वर्षं झाली, तरी डाव्या दारानं मुनीरा बाईंची बोस्नियाक, म्हणजे मुसलमान, पोरं आत जातात आणि उजव्या दारानं क्रेशो सरांची क्रोआट, म्हणजे ख्रिस्ती. घंटा दोन, शिक्षकांच्या खोल्या दोन, इतिहासाची पुस्तकं दोन, आणि पटांगणाच्या मधोमध तारेचं कुंपण. बॉयलर तेवढा एकच, कारण दुसरा बसवायला तळघरात जागा नव्हती. त्यामुळे दोन्ही हजेरीपटांवर नाव असलेला अख्ख्या इमारतीतला एकमेव माणूस म्हणजे मी, मियो, बॉयलरवाला.

क्रेशो सरांनी खिशातून कागद काढला. "हे वाच."

मला वाचायची गरज नव्हती. पोरांनी तो अर्ज इथंच, माझ्या कोळशाच्या ढिगाशेजारी बसून लिहिला होता आणि कॉफी मी केली होती. दोन्ही शाळांतल्या अकरा पोरांच्या समितीला आज दुपारी बाराच्या नगरपालिकेच्या सभेत पंधरा मिनिटं बोलू द्यावं. विषय, पटांगणातलं कुंपण काढणं. पण खालची ओळ मी तेव्हा पाहिली नव्हती. ‘समितीचा पत्ता : शाळेचं बॉयलरघर, मियोकाकांकडे.’

मी कपाळाला हात लावला. आमच्या गावात कोबी कुठून आणला हेसुद्धा कुणी खरं सांगत नाही. सरकारी कागदावर तर मावशीचा पत्ता द्यायचा, मेलेल्या आजोबांचा द्यायचा, नदीपलीकडच्या बंद गिरणीचा द्यायचा. पण या पोरांना राजधानीतून, सारायेवोहून आलेल्या एका बाईंनी दोन दिवसांच्या शिबिरात शिकवलं होतं की सार्वजनिक काम करणाऱ्यानं काही लपवू नये. शिकवलं आणि बाई बसनं परत गेल्या.

"काल वरून फोन आला," क्रेशो सर म्हणाले.

"मलाही," मुनीरा बाई म्हणाल्या. "दोन वेगळ्या लोकांचे. बोलणं तेच."

त्यांनी आणखी दोन कागद माझ्यापुढे धरले, एक बोस्नियन भाषेत, एक क्रोएशियनमध्ये. मी दोन्ही वाचले. फरक दोन शब्दांचा होता आणि ते दोन्ही शब्द माझी आई वापरायची. मजकूर असा, की मुलांनी बॉयलरघराची दुसरी किल्ली चोरून बनवून घेतली आणि माझ्या नकळत तिथं जमत राहिली.

"पण किल्ली मीच..."

"ते आम्हाला सांगू नकोस," क्रेशो सरांनी मला मधेच तोडलं. हा क्रेशो लहानपणी आमच्या गल्लीत प्लमच्या झाडावर चढायचा आणि मी त्याला उतरवून घ्यायचो. आता त्याला टाय आहे. "अल्पवयीन पोरं, दाबाखालचा बॉयलर. उद्या काही झालं असतं तर? तू आत गेला असतास आणि तुझ्यामागून आम्ही दोघं."

"पोरांचं काय होईल?"

"चौकशी लागेल," मुनीरा बाई म्हणाल्या. "अर्जदारांवर चौकशी असली की विषय सभेतून निघतो. तेवढंच त्यांना हवंय. मुलांना ताकीद. फार तर दाखल्यावर शेरा."

शेरा म्हणजे काय ते मला माहीत होतं. शेरा असलेल्या दाखल्यावर उन्हाळ्यात विद्यापीठात जागा मिळत नाही.

"मियो," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पेन्शनला चौदा महिने राहिलेत. मला तुमचं वाईट करायचं नाहीये हो."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे सगळ्यात वाईट. मी त्रेसष्ट वर्षांचा. शाळेनं काढलं तर बॉयलर पेटवायला मला कोण घेणार, आणि युद्धाची चार वर्षं नोकरीत धरलेली नसल्यामुळे एक महिना जरी कमी पडला तरी पेन्शन निम्मी होते. उरलेल्या महिन्यांचा आकडा वर्षभर माझ्या डोक्यात होता, दर महिन्याला एकानं कमी होत. सकाळी दाढी करताना मी तो म्हणायचो.

मी सही केली. दोन्ही कागदांवर. बोटांची काळी छाप उमटली, तर बाई म्हणाल्या, "राहू दे, त्यावर शिक्का मारू."

पोरं माझ्याकडे आली कशी, तेही सांगतो. चार हिवाळ्यांपूर्वी डाव्या दाराची एक मुलगी बूट वाळवायला खाली आली. दुसऱ्या दिवशी उजव्या दाराचा पेतर आला, त्याला वर सिगारेट ओढता येत नव्हती. मी सिगारेट हिसकावली आणि कॉफी दिली. दोघं एकमेकांकडे न बघता बसली. वर एकत्र बसायला जागाच नाही, आणि थंडीत पटांगणात कोण उभं राहणार? हळूहळू पाच झाली, सात झाली. आधी गणिताच्या वह्या, मग गाणी, मग भांडणं. भांडणं जोरात व्हायला लागली तेव्हा मी किल्लीची नक्कल करून दिली, कारण मला पाचला घरी जायचं असायचं आणि यांचं भांडण सहापर्यंत मिटत नसे.

सारायेवोच्या बाईंच्या शिबिरातून परत आल्यावर त्यांनी समिती काढली, आणि तिथंच पोरांनी आपल्या देशाचे गुण दाखवले. अध्यक्ष दोन, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. सभा चालवायची पाळी दर महिन्याला आलटून पालटून. एका अध्यक्षाला एखादी गोष्ट पटली नाही तर ती बंद. मी फावडं टाकून हसलो. "अरे, हेच करून मोठ्यांनी वाट लावली ना." पोरं रागावली. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं.

त्यात दुन्याची पंचाईत झाली. तिची आई बोस्नियाक, बाप क्रोआट, म्हणजे तिला कुठलीच खुर्ची नाही. माझ्या घरी तेच आहे. मी क्रोआट, माझी बायको हायरा बोस्नियाक. आम्हाला मूल असतं तर तेही असंच दोन खुर्च्यांच्या मधे उभं राहिलं असतं. शेवटी दुन्याला चिटणीस केलं आणि समितीची सगळी कामं ती करायला लागली. अर्ज तिचा, कुंपणाबद्दल गावातल्या बावीस जणांच्या मुलाखती तिच्या, आणि पत्त्याची ती ओळही तिच्याच अक्षरातली.

दहाच्या सुट्टीत ती धाडधाड जिना उतरून आली. चेहरा पांढरा, हातात चार पानं.

"काका, घड्याळ लावा. पंधरा मिनिटांत बसतंय का बघायचंय."

"पेतर आणि विल्दाना कुठायत? अध्यक्ष ते आहेत ना?"

"दोघांना ताप आलाय."

"एकदम दोघांना?"

"पेतरचे बाबा वनखात्यात, विल्दानाचे पाणीपुरवठ्यात. ताप येणारच." ती हसली, पण ओठच हसले. "मीच बोलणार. नियमात आहे, अध्यक्ष नसतील तर चिटणीस. मीच घातलं होतं ते, कुणी नीट वाचलं नाही."

ती कोळशासमोर उभी राहून वाचायला लागली. आवाज चिरका येत होता. "हळू," मी म्हणालो, "तुला बस पकडायची नाहीये." मग ती सावकाश वाचायला लागली आणि चांगलं वाचू लागली. हँडबॉल खेळताना चेंडू कुंपणापलीकडे गेला की तो परत कसा येत नाही, असल्या साध्या गोष्टी होत्या त्यात. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ते दोन कागद होते. आत्ता ते कुणाच्या टेबलावर असतील, कुणी वाचले असतील?

"हे कुंपण कुणी घातलं हे गावात कुणालाही सांगता येत नाही," दुन्या वाचत होती. "आम्ही बावीस जणांना विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, आमच्या लोकांनी नाही घातलं."

मी दाबाच्या काट्याकडे बघायला लागलो. काटा होता तिथंच होता.

"काका, हे बरोबर आहे ना? फार लागेल का कुणाला?"

"बरोबर आहे. राहू दे."

"तुम्ही येणार ना? वर गॅलरीत पहिल्या रांगेत बसा. शिबिरात सांगितलंय, बोलताना एक भरवशाचा चेहरा निवडायचा आणि त्याच्याकडे बघून बोलायचं. सकाळपासून तीनदा उलटी झालीय मला. तुम्ही नसलात तर मी तिथंच पडेन."

आत्ताच सांगायला हवं होतं.

"दुन्या."

"काय?"

"स्वेटरला राख लागलीय. मागे."

ती स्वेटर झटकत निघून गेली. मी नुसता बसून राहिलो. कोळसा घालायची वेळ झाली होती, तेही मला पंपाचा आवाज बदलला तेव्हा कळलं.

साडेदहाला मी वर गेलो. कागद परत मागायचे, दुसरं काही नाही. मुनीरा बाईंच्या कचेरीतली मुलगी म्हणाली, बाई गेल्या. क्रेशो सरांच्या कचेरीतला माणूस म्हणाला, सर गेले, कागदपत्रं घेऊन, एकाच गाडीतून. हे सांगताना तो स्वतःच चकित झाला होता.

घर रस्त्यापलीकडेच. सभेला कोळशाच्या कपड्यांत कसं जायचं म्हणून शर्ट बदलायला गेलो. हायरा पिटा लाटत होती, ओट्यावर पातळ पोळीसारखी कणीक पसरली होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"काय केलंस?"

पस्तीस वर्षं एका घरात काढली की माणसाला काही लपवता येत नाही. मी सगळं सांगितलं. ती लाटत राहिली.

"ब्याण्णव सालात," ती म्हणाली, "तिघे जण बंदुका घेऊन याच दारात उभे होते. बायकोला सोड आणि इथं सही कर म्हणाले होते. तेव्हा नाही केलीस."

"तेव्हा मी चाळिशीचा होतो."

"मग? आता हात थरथरतो?"

"आता पेन्शन आहे गं."

ती थांबली. तिनं हात पुसले आणि कपाटातून माझा पांढरा शर्ट काढला, लग्नाला-मयताला घालतो तो. मला वाटलं होतं ती चिडेल, टाकून बोलेल. तिनं गळ्याचं बटण लावून दिलं आणि म्हणाली, "जा, उशीर होईल. चौदा महिन्यांचं आपण बघू. पीठ आहे घरात."

तिला माझा राग आला असता तर बरं वाटलं असतं.

नगरपालिकेच्या सभागृहात गॅलरी अर्धी रिकामी होती. मी पहिल्या रांगेत बसलो, कारण दुन्यानं तिथंच बसायला सांगितलं होतं. खाली दुन्या एका बाजूच्या खुर्चीत, तिच्यामागे समितीतली सहा-सात पोरं. क्रेशो सर आणि मुनीरा बाई दोन टोकांना. दुन्यानं मान वर करून मला शोधलं, सापडलो तसा तिनं श्वास सोडला.

विषय सातवा आला. सभापती, जाड चष्म्याचा माणूस, कागद उचलून वाचू लागला. "या संदर्भात शाळेच्या कर्मचाऱ्याचं निवेदन प्राप्त झालं आहे." आणि त्यानं माझं वाक्य वाचलं. किल्ली, चोरून, माझ्या नकळत. माझं नाव त्यानं स्पष्ट वाचलं, सहीची तारीखही वाचली.

दुन्यानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी चूक झालीय आणि आता दुरुस्त होईल अशा नजरेनं. मग वर माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी इथं लिहीत नाही. लिहिता येणारही नाही.

"सबब अर्जदारांविरुद्ध चौकशी सुरू असल्यामुळे हा विषय..."

"तो कागद खोटा आहे," मी म्हणालो. उभा कधी राहिलो ते कळलं नाही.

"गॅलरीतल्या व्यक्तींना बोलता येत नाही."

"माझी सही आहे, मीच सांगतोय, खोटा आहे."

"खाली बसा, नाहीतर बाहेर काढावं लागेल."

शिपाई माझ्याकडे यायला निघाला. तेवढ्यात दुन्या उठली. तिचा आवाज सकाळच्यासारखा चिरका नव्हता. "कलम एकतीस. विषय वगळायच्या आधी अर्जदाराला खुलासा करायचा हक्क आहे. तो खुलासा अर्जदारानं नेमलेल्या माणसानं केला तरी चालतो. आमच्या वतीनं मियोकाका खुलासा करतील."

सभापतीनं सचिवाकडे पाहिलं. सचिवानं पुस्तक चाळलं आणि नाइलाजानं मान हलवली. शिपाई जिन्यातच थांबला आणि मला वाट दिली.

मी जन्मात कधी चारचौघांपुढे बोललो नव्हतो. माइकपुढे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा नुसता श्वासाचाच आवाज आला.

"किल्ली मी दिली," मी म्हणालो. "दुसरी किल्लीही मीच बनवून आणली. पोरांनी काही चोरलं नाही. सही मी भीतीनं केली. पेन्शनच्या." कुणीतरी हसलं. "आणि आणखी एक. ही मुलगी तुम्हाला सांगणार होती की कुंपण कुणी घातलं ते कुणालाच माहीत नाही. मी घातलं."

सभागृहात खुर्च्या वाजल्या. मी दुन्याकडे पाहायचं टाळलं.

"पंधरा वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या सुट्टीत, दोन दिवसांत. खांब एका शाळेनं दिले, तार दुसऱ्या शाळेनं दिली. दोन्हीकडून मला सांगितलं, कुठं बोलू नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं सगळ्यांनी. इथल्याही दोघा-तिघांनी पाहिलंय, एकानं मला पक्कड आणून दिली होती. मला वाटलं, पोरं भांडतात, तात्पुरतं असेल, बर्फ पडायच्या आत काढायला सांगतील. म्हणून मी खांब सिमेंटात नाही बसवले. नुसत्या मातीत आहेत. अजूनही दोन माणसांनी हलवले तर निघतील. एवढंच."

मतदान झालं. विषय पुढच्या अभ्यासासाठी उपसमितीकडे पाठवावा का? नऊ हो, नऊ नाही, सभापतीचं एक हो. उपसमिती म्हणजे आमच्याकडे काय असतं ते सांगायला नको. तरी दुन्यानं आपली पंधरा मिनिटं घेतली. चारही पानं वाचली. कुंपणाचं ते वाक्य आलं तेव्हा ती थांबली, ते गाळलं आणि पुढे गेली. बोलताना तिनं गॅलरीकडे एकदाही पाहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी तिची वाट पाहत उभा होतो. पोरं बाजूला सरकली.

"सही का केलीत?"

"घाबरलो."

"मग खाली सांगायचंत ना मला, दहा वाजता. मी वाचत होते, घड्याळ लावून. तुम्ही राखेचं सांगितलंत."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं रागानं पुसलं आणि ती बर्फातून चालत गेली. मागून पोरं गेली. त्यातल्या एकानंही मला काका म्हटलं नाही. नोकरी जाण्याची भीती मला सकाळी वाटत होती तेवढी आता वाटेना, आणि त्याचंही मला बरं वाटलं नाही.

तीन दिवस मी बॉयलर पेटवला. कुणी खाली आलं नाही. कपांवर धूळ बसली.

सोमवारी दहाला चौकशीला बोलावलं, वरच्या मजल्यावर, नकाशांच्या खोलीत. टेबलामागे क्रेशो सर, मुनीरा बाई आणि नगरपालिकेचा एक कारकून. कारकुनापुढे माझ्या बडतर्फीचा कागद टंकून तयार होता, दोन प्रतींत. मला वाटलं, सही करून पाच मिनिटांत मोकळा होईन.

"आधी हे," मुनीरा बाई म्हणाल्या आणि वहीतून फाडलेल्या पानांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "आज सकाळी आलं. दोन्ही दारांतून."

मी चष्मा लावला. पहिलं पान पेतरचं. ‘बॉयलरघराची किल्ली मी एकट्यानं मियोकाकांच्या कोटाच्या खिशातून चोरली. त्यांना काही माहीत नव्हतं. सभेत ते जे बोलले ते मला वाचवण्यासाठी खोटं बोलले.’ खाली सही, तारीख. दुसरं पान विल्दानाचं. किल्ली मी एकटीनं चोरली. तिसरं, चौथं. अकरा पानं. एकानं कोट निळा लिहिला होता, एकानं काळा, एकीनं कोटाला फर लावली होती. माझ्याकडे कोट नाहीच. अकरावं पान दुन्याचं, आणि त्यात कोटाचा रंग नव्हता. तिनं लिहिलं होतं, ‘किल्ली मी चोरली. मला त्याचं वाईट वाटत नाही.’

"एका किल्लीला अकरा चोर," क्रेशो सर म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. "आता असं आहे मियो. यातला एक कबुलीजबाब मान्य केला की तुझ्यावर काही राहत नाही. कागद फाडू, चौदा महिने सुखानं काढ. फक्त एकाच्या दाखल्यावर शेरा मारावा लागेल. कुणाच्या, ते तू सांग."

"सांगितलं नाहीत तरी चालेल," मुनीरा बाई घाईनं म्हणाल्या. "वरचा घेऊ. कुठलाही घेऊ."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. सगळी अकरा पानं. या इमारतीत एका युद्धाच्या दोन गोष्टी शिकवतात, आणि त्याच इमारतीतल्या दोन्हीकडच्या पोरांनी एका गोष्टीबद्दल एकच जबाब दिला होता, तोही माझ्यासाठी, मी त्यांना चोर ठरवल्यावर. मला रडू आलं. तिघांसमोर आलं आणि मी ते आवरलं नाही. कारकुनानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"यातलं एकही खरं नाही," मी म्हणालो. "पेन द्या."

मी माझ्या बडतर्फीवर दोन्ही भाषांत सही केली. मग ती अकरा पानं उचलली आणि घडी केली.

"ती फाइलला लागतात," कारकून म्हणाला.

मुनीरा बाई नकाशातली नदी बघायला लागल्या. क्रेशो सर खाली वाकून बूट बांधायला लागले, त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मी दार ओढून बाहेर आलो.

जिन्याच्या तोंडाशी दुन्या उभी होती. वर्ग सोडून आली होती.

"कुणाचा मान्य केलात?"

"कुणाचाच नाही."

"काका, आम्ही तीन तास भांडलो त्यावर." तिचा आवाज फुटला. "प्रत्येक जण म्हणत होता, मी होतो चोर, मी होते चोर. पेतर तर रडला. शेवटी मतदान घेतलं. सगळेच होऊ या असं ठरलं. तुम्हाला एक तरी घेता आला नाही?"

"नाही गं," मी म्हणालो. "तू वर्गात जा. इतिहासाचा तास आहे ना?"

ती गेली नाही. मी खाली उतरलो तेव्हा ती मागोमाग चार पायऱ्या उतरून तिथंच बसली.

बॉयलरघरात माझ्या जागी नेमलेला माणूस आधीच येऊन थांबला होता, तिशीचा, नवी डांगरी घातलेला, बावरलेला. दोन शाळांनी मिळून एकच माणूस कसा नेमला याचं मला नवल वाटलं, पण थंडी उणे तेराची होती. मी भट्टीचं दार उघडलं. एखादं पान ठेवून घ्यावं असं फार वाटलं, निदान दुन्याचं. पण कागद राहिला की कधीतरी कुणाच्या तरी हाती लागतो, आणि मग दाखल्यावर शेरा येतो. मी अकराही पानं आत सोडली आणि ती पूर्ण जळेपर्यंत तिथंच वाकून राहिलो.

"हे काय होतं?" नव्या माणसानं विचारलं.

"रद्दी," मी म्हणालो. "इकडे ये. हा डावा व्हॉल्व्ह अडकतो, त्याला आधी थोडं उलटं फिरवायचं. नाहीतर वर अर्ध्या पोरांना थंडी वाजते."